मोत्याला परदेशी नेताना

सोलापुरातील एका विडी कामगार माउलीने आम्हाला विचारले, "लेक नर्स होऊन जर्मनीला चालली. तिच्या मोत्याला विमानातून नेता येईल का?"

येईल, पण तयारी किमान चार महिने आधी हवी. प्रथम कातडीखाली चिप, मगच रेबीजची लस. क्रम चुकला तर लस पुन्हा. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त घेऊन युरोपीय संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत तपासायचे. रक्त घेतल्यापासून ३ महिने थांबायचे. शेवटी मुंबईतील सरकारी प्राणी क्वारंटाइन कार्यालयाचा दाखला. तिकीट त्यानंतरच्या तारखेचे.

खर्च झेपत नसेल तर मोत्याला घरीच सांभाळा. लेक गेली म्हणून मुक्या जिवाला रस्त्यावर सोडू नका, एवढेच आमचे सांगणे.