चष्मेवाल्यांची दुर्बीण
हिवाळ्यात भिगवणला किंवा नांदूरमधमेश्वरला पक्षी पाहायला निघणाऱ्या चष्मेवाल्यांना कळकळीनं सांगावंसं वाटतं: दुर्बीण घेताना ती किती पट मोठं दाखवते हे नंतर विचारा, आधी तिचा ‘आय रिलीफ’ विचारा. डोळा दुर्बिणीच्या नेत्रभिंगापासून जितका लांब ठेवूनही पूर्ण दृश्य दिसतं, ते हे अंतर. मध्ये चष्म्याची काच येत असल्यानं ते किमान १५ मिलिमीटर हवं. १७-१८ असेल तर उत्तम. कमी पडलं की दृश्याच्या कडा कापल्या जातात आणि थव्यातला हवा तोच पक्षी हुकतो. नेत्रभिंगाभोवतीची रबरी कडी पूर्ण खाली बसते ना, तेही पाहा. दहा पट मोठं दाखवणाऱ्या १०×४२ पेक्षा आठ पटीची ८×४२ बहुधा सोयीची. दृश्य रुंद मिळतं, हाताची थरथर कमी जाणवते. चष्मा काढून पाहिलं तर नुसता जवळचा किंवा लांबचा नंबर फोकसचं चाक बहुतेक वेळा सांभाळून घेतं, सिलिंडरचा नंबर मात्र चष्म्यानंच सुधारतो. शिवाय चष्मा काढ-घाल करेपर्यंत खंड्या कुठल्या कुठे गेलेला असतो. म्हणून रोजचा चष्मा लावूनच दुकानाबाहेरच्या उजेडात दुर्बीण पारखा, आणि दृश्याचं वर्तुळ कडेपर्यंत स्वच्छ दिसलं तरच पैसे मोजा.