छडी गेली, चिठ्ठी उरली

शाळेतील शिस्तीचा विषय निघाला की आमच्या पिढीतील माणसे छडीच्या आठवणी मोठ्या अभिमानाने सांगू लागतात. अंगठे धरून काढलेले तास, हातावर उमटलेले वळ आणि शेवटी ठरलेले वाक्य : 'म्हणून तर आम्ही घडलो !' माराच्या धास्तीने ज्यांनी शाळाच सोडली, ते मात्र या बैठकीत आपली बाजू मांडावयास नसतात.

छडीने मला काय शिकविले ते आज आठवत नाही; एक चिठ्ठी मात्र आठवते. चौथीत असताना गृहपाठ वारंवार चुकविल्याबद्दल गुरुजींनी घरी चिठ्ठी दिली. आईला अक्षरओळख नव्हती. ती मलाच वाचून दाखवावी लागली आणि मी धडधडीत खोटे वाचले : 'मुलाची प्रगती उत्तम आहे.' दुसऱ्या दिवशी भुईमुगाच्या शेंगांची पुरचुंडी घेऊन आई गुरुजींचे आभार मानावयास शाळेत हजर ! गुरुजींनी एकवार माझ्याकडे पाहिले आणि ते म्हणाले, "मुलगा हुशार आहे, बाई. फक्त रोज संध्याकाळी त्याला तुमच्यापुढे मोठ्याने वाचावयास बसवा." त्यानंतर गृहपाठ चुकविण्याचे धैर्य मला झाले नाही.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंना मनाई केली. १ एप्रिल २०१० पासून हा कायदा अमलात आला, हे योग्यच झाले. तथापि 'छडी काढून घेतली, आता वर्ग आवरावा कसा ?' हा शिक्षकांचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. भरगच्च वर्गापुढे उभ्या असलेल्या शिक्षकाला घराची साथ हवीच. पण आज तक्रार पुष्कळदा पालकांच्या मोबाईलवरील गटात, सर्वांच्या देखत येऊन पडते. ही चारचौघांतली नाचक्की मानसिक छळाहून फारशी निराळी नव्हे. शिवाय जेथे पहिलीच पिढी शिकते आहे, त्या घरी मजकूर वाचून दाखविणारे ते मूलच असते.

गुरुजींनी दोष झाकला नाही, पण मुलाची लाज राखली आणि निरक्षर आईला अभ्यासात भागीदार करून घेतले. शाळेकडून केवळ गाऱ्हाणीच येत असतील तर मुले लपवाछपवीच शिकणार. म्हणून शिक्षकबंधुभगिनींना एकच विनंती : प्रत्येक मुलाच्या घरी वर्षातून एखादी तरी चिठ्ठी अशी जावी, जी त्याला खरी वाचून दाखवावीशी वाटेल.