पेल्यातील कॉफी कोणाची?

आमच्या सयाजीगंजातील गृहिणी दुधाबाबत निर्धास्त असतात. जवळच्या आणंदला १९४६ साली खेडा जिल्ह्याचा दूध उत्पादक संघ स्थापन झाला. त्रिभुवनदास पटेलांच्या त्या उद्योगामुळे दोन म्हशींच्या धन्यालाही स्निग्धांश तपासून रास्त दाम मिळू लागला. कॉफीविषयी मात्र आपण असे काही विचारीत नाही.

हे कार्य तिकडे एका धर्मगुरूंनी केले. फादर फ्रान्स व्हॅन डर हॉफ हे मूळचे हॉलंडचे. मेक्सिकोच्या वाहाका प्रांतातील आदिवासी शेतकऱ्यांत ते राहिले. दलाल देईल तोच भाव घेणे त्या शेतकऱ्यांना भाग असे. त्यांच्या संघाची कॉफी १९८८ साली ‘मॅक्स हॅवेलार’ या चिन्हाने हॉलंडच्या दुकानांत आली. (जावातील रयतेवरील जुलमाच्या १८६० सालच्या डच कादंबरीचे हे नाव, मोठे समर्पक!) पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय करार मोडून जगभर कॉफीचे भाव कोसळले, तेव्हा आधी ठरवलेल्या किमान दराचे मोल कळले.

अर्थात तो दर संघास मिळतो. घरधन्याच्या हाती किती पडते, हे संघाच्या कारभारावर अवलंबून. तेव्हा चिन्हावरच न विसंबता दुकानदारास विचारावे: ही कूर्गची की अराकूची, शेतकऱ्यांच्या संघाची की व्यापाऱ्याची? दोन-तीन घरांनी विचारले, की पुढल्या खेपेस तो चौकशी करून ठेवतो.