सेवेची खोटी हजेरी

आपल्या मुलाने आयुष्यातली पहिली खोटी नोंद कुठे केली, असे एखाद्या सुशिक्षित बापाला विचारा. तो म्हणेल, शाळेला दांडी मारल्यावर आजारपणाच्या चिठ्ठीत केली असेल. बापाचा अंदाज चुकतो. आमच्याकडची कितीतरी मुले ती नोंद करतात महाविद्यालयात, तेही राष्ट्रीय सेवा योजनेच्या डायरीत.

नियम असा, की स्वयंसेवकाने वर्षाला 120 तास समाजकार्य करायचे, दोन वर्षांत 240. वर्ष संपत येते, विद्यापीठाची तपासणी लागते आणि वसतिगृहाच्या एका खोलीत चारपाच जण बसून वर्षभराची सेवा एका रात्रीत उरकतात. निळे पेन आणि काळे पेन आलटून पालटून चालवायचे, म्हणजे सगळे एका बैठकीत लिहिलेले दिसत नाही. 'वृक्षारोपण, 4 तास.' 'परिसर स्वच्छता, 3 तास.' 'मतदार जागृती फेरी, 2 तास.' ही युक्ती त्यांना आधीच्या तुकडीने दिलेली असते आणि त्या तुकडीला तिच्या आधीच्या तुकडीने. सरांना हे ठाऊक नसते असे समजू नका. सर डायरी चाळतात, शिक्का मारतात, कारण त्यांनाही वर एक तक्ता भरून पाठवायचा असतो.

परीक्षेत कॉपी करणाऱ्या मुलाला आपण चुकतो आहोत एवढे तरी कळत असते. इथे मात्र लबाडी सत्कार्याच्या नावाने चालते, गुरुजनांच्या देखत चालते आणि शेवटी तिला प्रमाणपत्र मिळते. त्या एका रात्रीत मुलगा एवढे पक्के शिकतो, की काम झाले नाही तरी चालते, झाल्याचा कागद चोख हवा. पुढे हाच मुलगा कनिष्ठ अभियंता होतो आणि न झालेल्या रस्त्याच्या मोजमाप पुस्तकात सही करतो. मग आपण चहाच्या टपरीवर उभे राहून विचारतो, एवढा भ्रष्टाचार येतो तरी कुठून!

मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. तरुण पिढी आळशी आहे, मोबाइलमध्ये बुडाली आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी डिसेंबरात पवईच्या आयआयटीत 'मूड इंडिगो' महोत्सव बघावा, ऑगस्टात सेंट झेवियर्सचा 'मल्हार' बघावा, नाहीतर पुण्यात 'पुरुषोत्तम'च्या एकांकिकांच्या तालमींत जाऊन बसावे. 'पुरुषोत्तम' 1963 पासून चालू आहे, 'मल्हार' 1979 पासून. तिथे मुले रात्र रात्र जागतात, खिळे ठोकतात, पाहुण्यांना स्टेशनवरून आणतात, मंडप झाडतात. कोणी तास मोजत नाही. कारण तिथे निर्णय त्यांचे असतात आणि फजिती झालीच तर ती चारचौघांत त्यांचीच होते. सेवेच्या बाबतीत आपण या दोन्ही गोष्टी त्यांच्याकडून काढून घेतल्या. कुठल्या दिवशी कुठला 'दिन' साजरा करायचा हे परिपत्रक सांगते, फोटो कुठल्या पोर्टलवर चढवायचा हेही तेच सांगते. 2023 च्या डिसेंबरात तर विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभरच्या विद्यापीठांना आवारात सेल्फी पॉइंट उभारायला सांगितले. ज्ञानाच्या मंदिरात एक उणीव राहिली होती, तीही भरून निघाली.

ही योजना जन्मली तेव्हा तिच्यामागे हलका विचार नव्हता. 1959 साली आपल्याच चिंतामणराव देशमुखांच्या समितीने सुचवले होते, की शाळा संपवून विद्यापीठात जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने नऊ महिने ते एक वर्ष सक्तीने राष्ट्रीय सेवा करावी. सक्ती सरकारला झेपली नाही. पुढच्याच वर्षी शिक्षणतज्ज्ञ के. जी. सय्यदैन यांनी इतर देशांतल्या अशा योजनांचा अभ्यास करून सेवा ऐच्छिक ठेवावी असे सांगितले. अखेर गांधीशताब्दीच्या वर्षात, 24 सप्टेंबर 1969 रोजी, 37 विद्यापीठांत 40,000 विद्यार्थी घेऊन योजना सुरू झाली. 1973 साली दुष्काळ हाच तिच्या शिबिरांचा विषय होता. त्या सुमारास महाराष्ट्रात लाखो माणसे खडी फोडत होती.

नंतर आपण तिला उपाशी ठेवली. कित्येक वर्षे सात दिवसांच्या निवासी शिबिरासाठी एका मुलामागे सरकार साडेचारशे रुपये देत असे. म्हणजे दिवसाला चौसष्ट रुपये, त्यात तीन वेळचे खाणे, चहा, प्रवास आणि कुदळ-फावडीही. एवढ्यात प्रामाणिकपणे शिबिर होत नाही हे मंत्रालयापासून किराणा दुकानदारापर्यंत प्रत्येकाला कळत होते. मग पन्नास जणांची हजेरी लागते, पोरे असतात तीस, आणि उरलेल्या वीस जणांच्या डाळ-तांदळावर तीस जण जेवतात. शिबिर चालवणाऱ्या प्राध्यापकाला मी चोर म्हणणार नाही. तो पुष्कळदा तासिका तत्त्वावर राबणारा, वर्षानुवर्षे कायम न झालेला माणूस असतो आणि पदरचेही घालतो. पण खरे बिल मंजूर होत नाही आणि खोटे होते, हे त्याच्यामागे उभी असलेली पन्नास पोरे पाहत असतात. बौद्धिक सत्रातल्या व्याख्यानापेक्षा हा धडा त्यांच्या जास्त लक्षात राहतो.

यात भर पडली मूल्यांकनाची. महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या अहवालात विस्तारकार्यासाठी रकाने आहेत. किती उपक्रम, किती विद्यार्थी, सोबत अक्षांश-रेखांश छापलेले फोटो. फोटोत ठिकाण खरे असते, तारीखही खरी असते. खोटे असते ते फक्त काम. मुंबई विद्यापीठात या कामाचे दहा वाढीव गुण मिळतात. अडलेल्या विषयात ते पोराला तारून नेतात आणि म्हणून जुलैत नाव नोंदवायला झुंबड उडते. आता नव्या शैक्षणिक धोरणात समाजकार्याचे श्रेयांक आले. श्रेयांक दिले म्हणून सेवा खोटी ठरते असे नाही. शिकण्याचा वेळ मोजायला हरकत नाही. पण मोजणाऱ्याने एकदाही गावात पाऊल टाकायचे नाही, ही कुठली मोजणी?

आणि पालक! विशेषतः आपण शहरी, सुस्थित पालक. मुलगी वस्तीत शिकवायला जाते म्हणाली की पहिला प्रश्न असतो, 'सर्टिफिकेट देतात ना?' परदेशी विद्यापीठाच्या अर्जात समाजसेवा लागते म्हणून बारावीच्या सुट्टीत एका अनाथाश्रमाची आठवड्याची भेट ठरवली जाते. तिथल्या लेकरांच्या गळ्यात हात टाकून फोटो निघतात. त्या लेकरांना कोणी विचारले, तुमचा चेहरा कुठल्या देशातल्या प्रवेश समितीसमोर जाणार आहे? दर सुट्टीत नवी ताई येते, जीव लावते आणि जाते. लहान पोरांशी असे वागणे क्रूरपणाचे आहे. आपण त्याला करुणा म्हणतो.

रक्तदानाचीही हीच गत. महाविद्यालयातली शिबिरे पुढाऱ्याच्या वाढदिवसाला नाहीतर राष्ट्रीय सणाला होतात. एका दिवसात बाटल्यांचा उच्चांक, बातमी, हार. तांबड्या पेशी 35 ते 42 दिवस टिकतात, प्लेटलेट तर पाचच दिवस. एप्रिल-मेमध्ये महाविद्यालये बंद होतात, रक्तपेढ्या कोरड्या पडतात आणि थॅलेसेमियाच्या मुलाचा बाप दारोदार फिरतो. रक्त देणारी पोरे तीच, त्यांची इच्छाही तीच. पण रुग्णाच्या गरजेचे वेळापत्रक पाळायचे की साहेबांच्या वाढदिवसाचे, हे ज्यांनी ठरवायचे त्यांनी ठरवून टाकलेले आहे.

पण माझे खरे भांडण कागदाशी नाही. समजा, उद्या सगळ्या डायऱ्या खऱ्या झाल्या. एकशेवीस तास म्हणजे एकशेवीस तास. तरी महाविद्यालयाने दत्तक घेतलेल्या ज्या गावात हे सगळे चालते, तिथे काय बदलेल?

शिबिर गावात कसे येते ते पाहा. आधी सरपंचाची परवानगी, मग शाळेच्या खोल्या, मग उद्घाटनाला आमदार किंवा संस्थेचे अध्यक्ष. सकाळी प्रभातफेरी. दुपारपर्यंत श्रमदान, म्हणजे ओढ्यावर पोत्यांचा वनराई बंधारा, नाहीतर देवळामागची झाडलोट. दुपारी वक्ते, रात्री नाच-गाणी, सातव्या दिवशी समारोप आणि नारळ. यातल्या कुठल्याच गोष्टीने गावातल्या एकाही बलिष्ठ माणसाची झोप उडत नाही. बंधारा कोणाच्या विहिरीच्या वर पडला हे विचारायचे नाही. रोजगार हमीची मजुरी थकली आहे का, ग्रामसेवक गावात येतो का, दलित वस्तीच्या स्मशानाला रस्ता आहे का, यातले काहीच विचारायचे नाही. जेवणावळीला वाढायला कोण असते आणि लांब कोण उभे असते, हे पोरांना दिसते. पण 'आपण पाहुणे आहोत, गावाच्या भानगडीत पडायचे नाही' असे त्यांना पहिल्याच रात्री बजावलेले असते. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची पोरे म्हाताऱ्यांजवळ राहतात त्या झोपड्यांकडे प्रभातफेरी वळत नाही. तिथे टाळ्या वाजवायला कोणी नसते.

सत्तरच्या दशकात बाबा आढावांनी 'एक गाव एक पाणवठा' ही चळवळ उभारली, तेव्हा गावोगाव जाऊन एवढेच विचारले होते, की या विहिरीवर सगळे पाणी भरतात का? हातात कुदळ नव्हती, पाटी नव्हती. प्रश्न होता. त्या प्रश्नाने गावे हादरली. बंधारा बांधणाऱ्याला गाव चहा पाजते. पाणवठा विचारणाऱ्याला गाव हाकलून देते. आपल्या विद्यापीठांनी यातला चहा निवडला.

आता झाडूबद्दल बोलू. दोन ऑक्टोबरला विद्यार्थी, प्राचार्य आणि नगरसेवक नवे झाडू घेऊन रस्त्यावर उतरतात. तो रस्ता बहुधा पहाटेच झाडलेला असतो, ठेकेदाराकडच्या बाईने, हातमोजे नसताना. फोटोसाठी थोडा पाला पुन्हा पसरला जातो हेही आपण पाहिलेले आहे. हाताने मैला उचलण्यावर बंदी घालणारा कायदा 1993 चा, दुसरा 2013 चा. तरी गटारात उतरून गुदमरून मरणाऱ्यांच्या बातम्या थांबत नाहीत आणि मरणारे कुठल्या जातींचे असतात हे सांगायला संशोधन लागत नाही. एकाच्या हातातला झाडू अर्ध्या तासात पुण्य होतो, दुसऱ्याच्या हातातला पिढ्यान् पिढ्या विटाळ राहतो. स्वच्छतेच्या कुठल्या कार्यक्रमात त्या बाईला वक्ती म्हणून बोलावले? तिचा पगार किती महिने थकला आहे हे शिबिराच्या कुठल्या विषयपत्रिकेवर आले? अमरावतीच्या विद्यापीठाला आपण गाडगेबाबांचे नाव दिले. बाबा गावात शिरले की आधी स्वतः झाडायला लागत आणि रात्री त्याच गावाला कीर्तनात फैलावर घेत. दारू, कर्ज काढून केलेली लग्ने, देवापुढची बकरी, शिवाशिव, काहीच सोडत नसत. आपण झाडू घेतला आणि कीर्तन गाळले.

एक माणूस या सगळ्या हिशेबातून कायमचा गळतो. सकाळी एसटीने येणारी, दुपारी घरी जाऊन धुणी-भांडी करणारी मुलगी सात दिवस शिबिराला येऊ शकत नाही. रात्री पेट्रोल पंपावर नाहीतर जेवणाचे डबे पोचवत फिरणारा मुलगाही येत नाही. उत्कृष्ट स्वयंसेवकाचा पुरस्कार त्यांना मिळत नाही. भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची पोरे एकत्र राबवली, एकत्र जेवू घातली आणि कष्ट हाच शिक्षणाचा भाग केला. त्यांच्याच परंपरेतल्या 'कमवा आणि शिका' योजनेत ग्रंथालयाची फडताळे पुसणारे पोर आज तासाच्या मोबदल्यावर काम करणारे म्हणून एका रजिस्टरात असते आणि फ्लेक्सवर हसणारे पोर समाजसेवक म्हणून दुसऱ्यात. एसटीने येणाऱ्या त्या मुलीची आई कदाचित आशा सेविका असेल. गावातली बाळंतपणे, लसीकरण, क्षयरोग्यांची यादी हे सगळे ती करते आणि सरकारच्या लेखी तीही स्वयंसेविकाच, म्हणून तिला पगार नाही, मोबदला. ज्यांना सेवेतून काही कमवायचे आहे त्यांना आपण गुण देतो, आणि ज्यांच्या जिवावर आरोग्य खाते चालते त्यांना आझाद मैदानात बसवतो.

चांगले काही घडतच नाही असे नाही. चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला बाबा आमट्यांनी साठच्या दशकात सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीत मेच्या उन्हात तरुण येत राहिले. कुष्ठरोगातून उठलेल्या माणसांनी उभी केलेली शेती बघून कोण कोणावर उपकार करतो आहे याचा त्यांचा गोंधळ उडाला. गडचिरोलीत बंग दांपत्याने 2006 पासून 'निर्माण' चालवले आहे. तिथे तरुणाला सेवेचे तास मागत नाहीत, शिकलेल्या विद्येचे आयुष्यात काय करणार, असे विचारतात. या ठिकाणी जाऊन आलेली पोरे घरी अवघड होतात, आईबापांना प्रश्न विचारतात. एरवीच्या शिबिरातून परतलेले पोर थकलेले असते, पण अवघड झालेले नसते, ही आपल्या दृष्टीने त्या शिबिराची मोठी सोय.

म्हणून विद्यापीठांना एकच अट घालावी. ती घातली तर त्यांच्या अंगाला घाम फुटेल. शिबिराचा अहवाल विद्यापीठाकडे जाण्याआधी त्या गावाच्या ग्रामसभेत, मोठ्याने, प्राचार्यांनी उभे राहून वाचावा. 26 जानेवारीला आहे, 1 मेला आहे, तारखा शोधाव्या लागणार नाहीत. पाचशे झाडे लावली असे लिहिले असेल तर ते लोकांसमोर वाचावे. व्यसनमुक्ती जागृती केली असेल तर दारूच्या दुकानाच्या मालकासमोर वाचावे. कोणीतरी उठून विचारेल, झाडे कुठल्या गटात लावली, त्यातली किती जगली, आमच्या वस्तीत का आला नाहीत. त्या प्रश्नाचे उत्तर डायरीत लिहून, ग्रामसेवकाची नव्हे, विचारणाऱ्याची सही घेऊन मगच अहवाल पुढे पाठवावा. आणि जे महाविद्यालय ही अट मानायला तयार नसेल, त्याच्या दत्तक गावाने त्याला परत पाठवावे.