पंचनाम्यात नसलेले नुकसान

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचे पाणी ३९ फुटांना पोहोचले की इशारा आणि ४३ फुटांना पोहोचले की धोका, हा हिशेब कोल्हापूर जिल्ह्यातील नदीकाठच्या पोरासोरांनाही तोंडपाठ आहे. कारण २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैमध्ये, हेच पाणी ५५ फुटांच्याही वर चढले, आंबेवाडी-प्रयाग चिखलीसारखी गावे आणि शिरोळ तालुक्याचा मोठा मुलूख त्याखाली गेला, आणि माळ्यावर वा छतावर बसून नावेची वाट पाहणारी मोठी माणसे हतबल झालेली या मुलांनी आपल्या डोळ्यांनी पाहिली. पाणी ओसरल्यावर तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक गावोगाव फिरले; पडलेल्या भिंतींचे, दगावलेल्या जनावरांचे आणि कुजलेल्या उसाचे पंचनामे झाले; सानुग्रह अनुदानाच्या याद्या तयार झाल्या. हे सर्व आवश्यकच होते. परंतु मुलाच्या मनाला बसलेल्या धक्क्याची नोंद करील असा रकाना त्या पंचनाम्यात नव्हता. तो असावा, तो भरण्याची रीत गावपातळीवरील माणसांना शिकवावी, आणि ज्या मुलाचे नाव त्यात येईल त्याच्या उपचाराची जबाबदारी सरकारने पत्करावी, एवढेच मला सांगावयाचे आहे.

मनाचे नुकसान दृष्टीस पडत नाही असे म्हणण्याचा प्रघात आहे. पण पूरग्रस्त गावातील प्राथमिक शिक्षकाला ते पडते. आभाळ भरून आले की फळ्याकडे पाहण्याचे सोडून खिडकीकडे पाहणारा, आणि दर तासाला "गुरुजी, पाणी किती फुटावर हाय?" असे विचारणारा मुलगा त्याच्या वर्गात असतो. घरी तेच मूल पाऊस लागला की दप्तर उचलून माळ्यावर नेऊन ठेवते, आजीचा पदर सोडीत नाही, रात्री दचकून उठते, आणि तिसरी-चौथीच्या वयात पुन्हा अंथरूण ओले करू लागते. सर्वांत बोलका असतो तो त्याचा खेळ: डबक्यात चपलेची नाव सोडावयाची, तिच्यात माणसे म्हणून खडे ठेवावयाचे, नाव बुडवावयाची, खडे वेचावयाचे आणि पुन्हा बुडवावयाची, आणि या साऱ्या उद्योगात एकदाही हसावयाचे नाही.

अशा आनंदशून्य, पुनःपुन्हा तोच प्रसंग घडवून आणणाऱ्या खेळाचे सूक्ष्म वर्णन अमेरिकेतील बालमनोविकारतज्ज्ञ लेनोर टेर यांनी केले आहे. कॅलिफोर्नियातील चौचिला गावी १९७६ साली शाळेच्या बसमधील २६ मुलांचे अपहरण करून त्यांना जमिनीखाली गाडलेल्या वाहनात कोंडण्यात आले होते. सर्व मुले जिवंत परतली, आणि मुले लहान आहेत, विसरून जातील, असे गावाने मानले. टेर यांनी त्या मुलांशी दीर्घकाळ संपर्क ठेवला, आणि चार वर्षांनंतरही त्या आघाताची खूण एकाही मुलाच्या मनावरून पुसली गेली नव्हती, असे त्यांना आढळले.

दुसरे संशोधन आपल्या अधिक उपयोगाचे आहे. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असता ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी हॅम्पस्टेड येथे बालगृहे चालविली, आणि तेथील निरीक्षणांवरून १९४३ साली असा निष्कर्ष मांडला, की बॉम्बवर्षावातही आईजवळ राहिलेल्या मुलांपेक्षा सुरक्षिततेसाठी आईपासून तोडून दूर पाठविलेली मुले पुष्कळदा अधिक खचली. पूर येऊ लागला की आपल्याकडे थोरली माणसे जनावरांपाशी मागे राहतात आणि मुलांना पाहुण्यांच्या गावी धाडतात. ते अपरिहार्य असते. परंतु मुलाबरोबर आई, आजी किंवा थोरली बहीण, कोणीतरी ओळखीचे माणूस गेलेच पाहिजे, आणि "कुठे चाललो, कोण मागे राहिले, केव्हा न्यायला येऊ" हे त्याला खरे खरे सांगितलेच पाहिजे, ही शिकवण निवारा केंद्राच्या व्यवस्थेत अद्याप उतरावयाची आहे.

तिसरे संशोधन घरातील दुःखाचे आहे. सान दिएगो येथे व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी १७ हजारांहून अधिक प्रौढांना त्यांच्या बालपणातील मारहाण, अत्याचार, हेळसांड, घरातील व्यसन आणि हिंसा यांविषयी विचारले. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अहवालात असे दिसले, की असे अनुभव जितक्या प्रकारचे, तितके पुढील आयुष्यात नैराश्य, मद्यासक्ती, आत्महत्येचे प्रयत्न आणि हृदयविकारसुद्धा यांचे प्रमाण चढते. ही समुदायाची सरासरी आहे; एखाद्या मुलाचे भविष्य तीवरून कोणी वर्तवू नये. तथापि पुराने ऊस गेला, सोसायटीचे कर्ज थकले, बाप दारूकडे वळला आणि घरात हात उगारला जाऊ लागला, ही साखळी ज्यांनी गावात पाहिली आहे, त्यांना एक आपत्ती ओसरली की मुलाची दुसरी आपत्ती कशी सुरू होते, हे निराळे सांगावयास नको.

मग उपाय काय? बहुसंख्य मुले, भोवतालची माणसे स्थिर राहिली, शाळा लवकर उघडली आणि जेवणा-झोपेच्या वेळा पूर्ववत झाल्या, तर काही आठवड्यांत सावरतात. त्यांना रुग्ण ठरविणे हाही अन्यायच होय. आजी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढते तेव्हा ती मुलाला मांडीवर घेते, थोपटते, आणि तुझी भीती मला कळली असे त्याला सांगते; त्या मायेचा कोणी उपहास करू नये. प्रश्न उरतो तो महिन्याभरानंतरही न सावरणाऱ्या मुलांचा, विशेषतः ज्यांचे माणूस पाण्यात गेले त्यांचा. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे माणसांना बाहेर काढणारी नावच उलटली. अशा प्रसंगात आप्त गमावणाऱ्या मुलाला "विसरून जा" म्हणणे हा उपचार नव्हे.

या मुलांसाठी सिद्ध झालेल्या पद्धती आहेत. आघातकेंद्री बोधात्मक-वर्तनोपचार ही त्यांतील प्रमुख; साधारणतः १२ ते १६ बैठकांत मुलाला आधी श्वास व शरीर शांत करण्यास, मग भावनेला नाव देण्यास शिकविले जाते, नंतर घडलेली हकीकत त्याच्या गतीने, चित्रांतून वा शब्दांतून, थोडी थोडी सांगू दिली जाते, आणि शेवटी ती शांतपणे ऐकून घेण्यासाठी पालकाचीही तयारी करून घेतली जाते. काय करू नये हेही तितकेच निश्चित आहे. आपत्तीनंतर लगेच एका दिवसासाठी येऊन मुलांना रांगेने बसवून "काय झाले ते सांगा" असे वदवून घेणे म्हणजे ओल्या जखमेची खपली काढणे होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूत्रांनी अशा ताजा आघात बसलेल्या मुलांना गुंगीच्या गोळ्या देऊ नयेत असे बजावले आहे, आणि अंथरूण ओले करणाऱ्या मुलाला शिक्षा करू नये असेही सांगितले आहे.

हे आपल्या आवाक्याबाहेरचे आहे, असे म्हणता येणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या प्रकल्पात मनोविकारतज्ज्ञ डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास झाला. समाजकार्यकर्ते शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १२०० मुले शिक्षणासाठी पुण्यास आणली गेली आणि वर्षानुवर्षे सांभाळली गेली. मनाचे पुनर्वसन वर्षांच्या मापाने करावे लागते, हा धडा महाराष्ट्राला तेव्हाच मिळालेला आहे. कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आहे, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, शिवाजी विद्यापीठ आहे, १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा निःशुल्क क्रमांक आहे. उणीव आहे ती शाळेच्या ओट्यापासून रुग्णालयाच्या दारापर्यंतच्या वाटेची. ती वाट शिक्षक, आशा कार्यकर्ती आणि अंगणवाडी सेविका यांच्यावाचून बांधली जाणार नाही. परंतु मतदारयाद्यांपासून जनगणनेपर्यंतची कामे ज्यांच्या शिरावर आहेत, त्यांच्यावर हे आणखी एक ओझे लादून चालणार नाही. त्यांना रीतसर प्रशिक्षण, वेळ आणि मुलाला पुढे कोणाकडे पाठवावे याचा निश्चित पत्ता दिला पाहिजे.

तिजोरीचे कारण पुढे येईल. १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरविला, तेव्हाही संस्थानाच्या खजिन्याला तो भार हलका नव्हता. मुलाची पाटी ही घरापुरती बाब नसून राज्याचे कर्तव्य आहे, असे ज्या भूमीत शतकापूर्वी ठरले, त्या भूमीने मुलाची झोप आणि त्याचे भय यांनाही त्याच कर्तव्यात सामावून घ्यावे, हे त्या विचाराला धरूनच आहे.

२०२४ च्या जुलैतही पंचगंगेने धोक्याची पातळी ओलांडली, पुढेही ओलांडील. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी आपत्ती व्यवस्थापनाची बैठक भरते, तीत नावांची, जीवरक्षक जाकिटांची आणि निवारा केंद्रांची मोजदाद होते. त्याच बैठकीत पूरप्रवण गावांतील किती शिक्षकांना हे प्रशिक्षण मिळाले, गेल्या पुरातील किती मुले अद्याप उपचाराखाली आहेत आणि या कामाचा जबाब कोणता अधिकारी देणार, हे तीन प्रश्न जिल्हाधिकाऱ्यांनी विचारावेत, आणि त्यांची उत्तरे नदीकाठच्या प्रत्येक ग्रामसभेत वाचून दाखवावीत.