हौस आणि हिशेब

'हौसेला मोल नसतं' असं आपल्याकडे म्हणतात. मला ते कधीच पटलेलं नाही. मोल असतं, आणि ते महिन्याच्या वीस तारखेनंतर फार चांगलं कळतं.

परवा शेजारच्या सूनबाईंनी क्विल्टिंगचं नवं सामान दाखवायला बोलावलं. छापील सुती कापडाचे कापून आलेले चौकोन, मध्ये घालायचा तयार थर, खुणा करायचं पेन, कसलीशी गोल सुरी. सगळं मिळून साडेचार हजार रुपये! पोर गुणी आहे, मी काही बोलले नाही. घरी येऊन मात्र हिशेबाची वही काढली. माझी सगळी नोकरी विनाअनुदानित शाळेत झाली, त्यामुळे मला पेन्शन नाही. ह्यांच्या पेन्शनवर दोघांचं चालतं. वहीत 'गोधडी' या नावापुढे वर्षाचे एकशे ऐंशी रुपये. दोरा आणि सुया, बस्स.

आमची आई गोधडी घालायची तेव्हा वर-खाली लुगडी आणि आत जुनी धोतरं. जमिनीवर पसरून कोपऱ्यांवर वरवंटा, तांब्या असं काहीबाही ठेवायची, आणि कडेपासून आत आत धावदोरा घालत जायची. माझे गुडघे आता खाली बसू देत नाहीत, म्हणून मी पलंगावर बाळांची लहान दुपटी शिवते. दुपारी दोन ते चार. त्या दोन तासांत ना औषधांची आठवण होते, ना लाइटबिलाची.

खरी अडचण कापडाची आहे. नऊवारी सुती लुगडी घरातून गेली. सिंथेटिक साड्या गोधडीत सरकतात, घाम टिपत नाहीत. म्हणून बोहारणीला मी सुती कपडा देतच नाही. एका स्टीलच्या डब्यासाठी पाच जुन्या चादरी? छे! शिंप्याकडची कातरणही आणते, तो बिचारा नाही म्हणत नाही.

अमेरिकेत अलाबामातल्या गीज बेंड या खेड्यातल्या कृष्णवर्णीय बायकांनी कामाच्या झिजलेल्या कपड्यांतून क्विल्ट शिवले. २००२ साली ते न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागले, २००६ साली तिथल्या टपाल तिकिटांवर आले. त्यांनीही चौकोन विकत आणले नव्हते. अर्थात त्यांची ती थंडीची गरज होती, माझी हौस आहे. हा फरक मी विसरत नाही.

आता दुसरी बाजू. मागच्या महिन्यात एकीने माझ्या दुपट्याचे चारशे रुपये देऊ केले. खोटं कशाला सांगू, ह्यांच्या गोळ्यांचा खर्च डोळ्यांसमोर आला. पण आमच्या मागच्या आळीत एक बाई गोधड्या शिवूनच घर चालवते. ती तेवढ्याच दुपट्याचे सातशे घेते, आणि ते कमीच आहेत. मी पोट भरलेलं असताना चारशेला दिलं, तर उद्या तिला सातशे कोण देईल? मी त्या गिऱ्हाइकाला तिचं घर दाखवलं. त्या दिवशी जरा चुटपुट लागली, हेही खरं. तेव्हापासून ठरवलंय, हौसेसाठी विकत काही आणायचं नाही आणि हौस विकायचीही नाही.

सूनबाईंना मी एवढंच म्हटलं, "ते चौकोन संपले की माझ्याकडे या." अजून संपलेले दिसत नाहीत.

सध्या ह्यांचे जुने सदरे उसवतेय. सहा मिळाले. सातवा, निळा, मागितला तर म्हणतात, "अजून दोन वर्षं जाईल."