एका फोर्कसाठी अख्खी सायकल भंगारात?

माझी माउंटन बाइक चौदा वर्षांची. फ्रेम ठणठणीत; फक्त पुढच्या फोर्कच्या नळ्या गंजून खड्डे पडलेत, सील टिकत नाही. दुकानात उत्तर काय? "साहेब, २६चा चांगला फोर्क आता येत नाही. नवीन सायकलच घ्या."

का घ्यायची? नवे चांगले फोर्क २७.५ नाहीतर २९ इंची चाकांचे. वरची नळी निमुळती, खाली दीड इंच. माझ्या फ्रेमला हवी सरळ, २८.६ मिमीची. व्ही-ब्रेकचे खुंटे तर गायबच, सगळं डिस्क. २६चा मिळतो तो स्वस्त सायकलीचा, जड लोखंडी. लांब फोर्क कोंबला तर तोंड वर आणि सगळी बैठकच बिघडते.

सुधारणेला विरोध नाही हो. पण जुन्याचे भाग बंद का? 'राइट टू रिपेअर'साठी केंद्राने २०२२ मध्ये समिती नेमली. त्यात शेती अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं, वाहनं आली. सायकलचं नाव नाही! पर्यावरणाच्या भाषणात मात्र तीच पहिली.

मागणी साधी आहे: मॉडेल बंद झाल्यावरही दहा वर्षं सुटे भाग द्या. तोवर मित्रांनो, माळ्यावरचे जुने फोर्क भंगारात घालू नका. कुणाची तरी सायकल त्यावर धावेल.